गाडीला पाजलेलं तेल

आमच्या गाडीच्या धुराला भज्यांचा वास यायचा. खोटं नाही सांगत. सकाळी मुकुंदवाडी स्टेशनाजवळून कामगार बायकांना घेऊन गाडी एमआयडीसीकडे निघाली, की मागे उभी असलेली माणसं उगीच आवंढा गिळायची. माझा नवरा सूर्यभान जालना रोडवरच्या एका नव्या पंपावरून बायोडिझेल मिसळलेलं डिझेल भरायचा. हॉटेलांतलं तळून उरलेलं तेल गोळा करतात, कारखान्यात त्यावर प्रक्रिया करतात आणि त्याचं ते बनतं, असं तो मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगायचा.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. उन्हात सगळं शहर तरंगल्यासारखं दिसायचं. जिथे आमची मेंढरं चरायची तिथे इमारती उठत होत्या, आणि दुपारच्या झळांत त्यांचे खालचे मजले विरघळून जायचे, वरचे तेवढे हवेत उरायचे. त्या अधांतरी मजल्यांखालून मला कधीकधी मेंढरं जाताना दिसायची. धुळीनं माखलेली, अजिबात आवाज न करता. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला ऊन लागलंय. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला तर रोज दिसत्यात. त्यात काय येवढं?"

सासूबाई म्हणजे राजाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. चारा संपला, पाणी संपलं, तेव्हा कळप विकायला त्यांनीच होकार दिला आणि त्यातून ही डिझेल व्हॅन दारात आली. मग त्या व्हॅनशीच बोलायला लागल्या. सूर्यभान घरी आला की आधी गाडीच्या नाकावरून आत्यांचा हात फिरायचा, मग त्याला पाणी मिळायचं. पोटच्या पोराचा नंबर दुसरा, तर माझा कितवा ते विचारूच नका.

उन्हाळा भरात आला आणि गाडी खोकायला लागली. चढावर दम टाकायची, थरथरायची, मध्येच बंद पडायची.

"फिल्टर तुंबला आसंल," सूर्यभान म्हणाला. "वॉरंटीत हाय गाडी. उद्या दाखवू."

बायोडिझेलचं ठरावीक मिश्रण चालतं, असं कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला घोर नव्हता. जेवला आणि आडवा झाला.

आत्यांना मात्र चैन पडेना. मेंढीचं पोट फुगलं, ती थरथरायला लागली, की बांबूच्या नळीनं तिला तेल पाजायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली, टाकीचं झाकण उघडलं आणि घरातलं करडीचं तेल, डब्यात होतं नव्हतं तेवढं, गाडीला पाजलं. मी बाहेर आले तेव्हा त्या टाकीचं तोंड पदरानं पुसत होत्या आणि गाडीला समजावत होत्या, "गिळ बाई, गिळ. आता बरं वाटंल."

"आत्या, हे काय केलं तुम्ही?"

"का? पंपावरचं बी तेलाचंच हाय ना? ते तर उष्टं. हे चोख हाय."

मी कपाळावर हात मारला, पण हसूही आलं मला. संध्याकाळी सूर्यभाननं गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि जी बसली ती बसलीच. तेव्हा कुठे मी त्याला तेलाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ओढतच सर्व्हिस सेंटरला नेली. आत्या हट्टानं सोबत आल्या. तिथे हिमांशू नावाचा तरुण साहेब वॉरंटीचं काम बघायचा. त्यानं टाकीतलं इंधन काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. दाट, पिवळं. बाटलीतून आरपार ऊन आलं आणि क्षणभर त्याचा सगळा हात सोन्याचा झाला.

"गाडीतला इंधनाचा पंप गेलाय, इंजेक्टरही गेलेत," तो म्हणाला. "सूर्यभानभाऊ, टाकीत काय टाकलंत?"

"पंपावरचंच. दुसरं काय नाय."

असंच सांगायचं, हे आमचं नवरा-बायकोचं ठरलं होतं. वॉरंटी मिळाली तर नवे भाग फुकट बसणार होते. नाही मिळाली, तर गाडी दारात सडणार आणि आमच्या गाडीतल्या कामगार बायका दुसऱ्याच्या गाडीत बसणार. परत जायला कळपही उरला नव्हता.

हिमांशूनं सूर्यभानकडे बघत पेन काढलं. "पंपावरच्या इंधनानंच झालं, असं लिहू मग?"

सूर्यभान मान हलवणार, तेवढ्यात आत्या पुढे झाल्या. "तसं लिहू नगं, बाबा. करडीचं तेल पाजलंय मी तिला."

हिमांशूनं पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही टाकीजवळ नुसत्या उभ्या असाल. हो ना?"

इतक्या मायेनं विचारलं त्यानं, की मला रडू आलं. एक 'व्हय' म्हणायचं होतं फक्त.

"उभी व्हते अन् पाजलं बी," आत्या म्हणाल्या. "आजारी जनावराला काय चारलं तेच लपवलं, तर वैद्यानं दवा कशाची द्यायची? आमच्यात तसं करीत नायत."

"आजी, पंपावरचं प्रक्रिया केलेलं असतं. कच्चं तेल इंजिनाला चालत नाही. आता वॉरंटी मिळणार नाही."

"खरं बोलले म्हणून?"

हिमांशूनं खाली बघत पेन उचललं. "हो," म्हणाला.

मला राग आला. लई आला. घरी आल्यावर मी भांडी आदळली. सूर्यभान तर आईशी बोलायचाच बंद झाला. ताट समोर आलं की मुकाट्यानं जेवायचा आणि गाडीखाली शिरायचा. ओळखीच्या मिस्त्रीला विचारून विचारून त्यानं टाकी उतरवली, धुतली, एकेक नळी साफ करायला घेतली.

एका सकाळी तो असाच गाडीखाली होता. आत्या वाटीत गेरू कालवून आल्या. बोट बुडवलं आणि दारावर दोन आडवे पट्टे ओढले, मेंढराच्या पाठीवर आपली खूण म्हणून ओढतात तसे.

"माय, काय करतीस?" सूर्यभान खालून ओरडला. "रंग लावू नगं, वॉरंटी जा—"

आणि गप्प झाला.

"आता कुणाला इचारायचं नाय," आत्या पट्टे ठळक करत म्हणाल्या. "जगली तरी आपली, मेली तरी आपली."

खाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग सूर्यभान बाहेर सरकला. तोंड काळं, डोळे लाल. कितीतरी दिवसांनी तो आईशी बोलला.

"पल्याडच्या बाजूला बी लाव."