शेवटच्या पानावरची दुनळी

२००५ सालचा दसरा बाबा हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला, मुलाकडे, सुयशकडे करणार होते. घरची अमेरिकन दुनळी बंदूक गावी काकांकडे होती. शस्त्रपूजेला निदान तिचं चित्र तरी असावं, या हौसेने सुयशने शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकांच्या कॅटलॉगची प्रत नेटवरून मागवली.

वाघाच्या हाकाऱ्यात पणजोबांचा उजवा हात गेला, तेव्हा गोऱ्या साहेबाने ती बंदूक बक्षीस दिली होती. “हत्तीच्या मोलाची आहे,” असं बाबा अख्ख्या गावाला सांगत आले होते.

बाबांनी चष्मा लावून पानं उलटली. सुरुवातीला नक्षीदार बंदुका होत्या, तीनशे डॉलरच्या. घरची सापडली ती थेट शेवटच्या पानावर, तळाला. पंधरा डॉलर. शेजारी छापलेली चामड्याची पेटीसुद्धा अठराची होती.

“त्या काळी पंधरा म्हणजे पुष्कळ असतील, बाबा,” सुयश घाईघाईने म्हणाला.

“पेटीपेक्षा कमीच ना?” बाबांनी चित्राला लावायला बोटावर घेतलेलं कुंकू पुसून टाकलं. “कसली डोंबलाची पूजा! माझ्या आजोबांच्या फोटोलाच हार घालू.”

सुयशने फोटो आणला. पणजोबांचा तो एकुलता एक फोटो. त्यात त्यांनी उरलेल्या हाताने तीच बंदूक छातीशी घट्ट धरली होती.