घर तिथं मूठ

बायजाबाईंनी तांदळाच्या पिशवीची गाठ सकाळपासून तिसऱ्यांदा सोडली. तांदूळ सुपात ओतून सोंडेकिडे शोधले. एकही नव्हता. आधी दोनदा पाहिलं तेव्हाही नव्हता. पुन्हा पिशवी भरली, गाठ मारली आणि गाठीवर हात ठेवून त्या टीव्हीकडे बघत बसल्या. टीव्हीवर नेपाळातली एक मोटार जळत होती. काल जळत होती तीच ही, की आज दुसरी, हे काही त्यांना उमगत नव्हतं.

परवा सकाळी तुमसरहून लुंबिनीची गाडी सुटायची होती. आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास संपतो, त्या दिवशी बुद्धांच्या जन्मस्थानी गावच्या तांदळाची खीर दान करायची, ही कल्पना त्यांच्या नवऱ्याची, बाबुलालची. घर तिथं मूठ, हा त्याचा नियम. आंधळगावातलं एकही घर सोडायचं नाही, जात विचारायची नाही, मूठ केवढी ते बघायचं नाही. पहिल्या वर्षी धानाची कापणी अंगावर आली म्हणून जाणं राहिलं. दुसऱ्या वर्षी लेकीचं बाळंतपण निघालं. तिसऱ्या वर्षी बाबुलालच राहिला नाही. यंदा बायजाबाई आठ दिवस एकट्या दारोदार फिरल्या. पिशवीत चिन्नोर होता, एचएमटी होता, राशनचा जाडाभरडाही होता. सगळा एक झाला होता. आणि आता तिकडे दंगल पेटली होती.

पुण्याहून सुगतचा, मुलाचा, फोन आला.

"आई, टीव्ही पाहून राहिली ना? मंग कायले हट्ट करतं? पुढच्या वर्षी मी सोता नेतो तुले."

"पुढच्या वर्षी," बायजाबाई म्हणाल्या.

"हो ना. लुंबिनी कुठं पळून चालली?"

लुंबिनी पळून जात नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण बाबुलालही दोन वर्षं हेच म्हणत होता. "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलगा चुकीचं बोलत होता असंही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

दुपारी शेजारच्या उषाबाई आल्या. त्यांच्या तलावाखालच्या धानाच्या बांधीतल्या चिन्नोरची मूठ पिशवीत होती.

"माह्यं ऐकशीन त बिलकुल जाऊ नको बायजा. जीव हाये त सारं हाये."

"बरं, नाही जात."

उषाबाई जायला उठल्या. मग पिशवीकडे बघून म्हणाल्या, "मंग माह्या मुठीचं काय करशीन?"

पाठोपाठ जीवनचा फोन. तो तुमसरचा मास्तर, दरवर्षी यात्रा नेणारा.

"मावशी, लुंबिनीत काहीच नाही, शांत हाये. जे होऊन राहिलं ते शहरात. तरी मी जबरदस्ती नाही करत. पंधरा जणायनं नाव काढलं, बावीस जण येऊन राहिले. चार वाजेपर्यंत सांगा, सीमेवर यादी द्या लागते."

आदल्या दिवशी त्यांनी विहारात भंतेजींनाही विचारलं होतं. भंतेजी म्हणाले, मनाला विचारा. मनाला विचारलं, तर मन म्हणे, भंतेजींना विचार. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण बायजाबाईंचं मनच कुणाचं तरी ऐकायला टपून बसलेलं. जो भेटेल त्याचं खरं वाटायचं, आणि तो पाठ फिरवून गेला की त्याच्या उलट खरं वाटायचं. स्वतःचाच राग यायला लागला होता. सत्तरीला टेकलेल्या बाईला साधं हो किंवा नाही म्हणता येऊ नये!

साडेतीन वाजता त्यांना एकदम बहादूर आठवला. बसस्टँडच्या चौकात चाऊमिनचा ठेला लावणारा. तो नेपाळचाच. सगळ्या गावाला विचारत बसले आणि ज्याला ठाऊक असणार त्यालाच विचारलं नाही! आता तो म्हणेल तेच करायचं, असं ठरवून त्यांनी पायात चपला सरकवल्या. पिशवी का उचलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बहादूर पत्ताकोबी चिरत होता. संध्याकाळच्या गिऱ्हाइकीला अजून वेळ होता. अकरा वर्षांत त्याची बोली अर्धी हिंदी, अर्धी आंधळगावची झाली होती.

"तुह्याकडं एक विचाराले आली," बायजाबाई म्हणाल्या. "लुंबिनीले जाऊ का नको? तू सांगशीन ते."

त्याची सुरी थांबली.

"मत जाओ मावशी," तो म्हणाला. "इस साल नका जाऊ."

झालं. उत्तर मिळालं. बायजाबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्या वळल्याही, पण पाय निघेना.

"तुह्यं घर कोठं म्हणे तिकडं?"

"बुटवल के ऊपर, पहाड में. माँ हाये वहाँ. अकेली."

"बरी हाये ना?"

"फोन नहीं लग रहा. सहा दिवस झाले." त्याने चिरलेली कोबी उगाच एका बाजूला सारली. "मैं निकला था, मावशी. नागपूर स्टेशनवर गाडी में बैठा, अन् गाडी सुटायच्या आधी उतरलो. डर गया. फिर परसो गया, फिर उतरलो."

बायजाबाईंनी पिशवी ठेल्याच्या कडेवर टेकवली. मुलगा, शेजारीण, मास्तर, भंतेजी, सगळ्यांशी त्या कालपासून आपल्या जिवाबद्दल बोलत होत्या. तिकडे कुणाची माय बसलेली असेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली.

बहादूर पिशवीकडे बघत होता.

"वही चावल हाये ना?" तो म्हणाला, आणि ठेल्याखालच्या डब्यातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली. "आप मेरे खोली के सामने से दो बार गईं. मैंने साफ करून ठेवला था. फिर सोचा, किराये की खोली हाये, घर में नहीं गिनते होंगे."

खताच्या गोदामामागची ती खोली बायजाबाईंना चांगली माहीत होती. तिच्या डाव्या अंगाच्या घरातून त्यांनी मूठ घेतली होती, उजव्या अंगाच्या घरातूनही घेतली होती. मधलं दार उघडंच होतं. बाबुलाल असता तर काय बोलला असता, ते त्यांना शब्दाशब्दानिशी ऐकू आलं.

"चुकलं रे बाबा माह्यं," त्या म्हणाल्या.

त्यांनी गाठ सोडली. त्याने पुडी पिशवीत रिकामी केली. तांदूळ मुठीपेक्षा जास्तच होता.

"एक मेरा, एक माँ का," तो म्हणाला. "लेकिन इस साल मत जाओ. जब जाओगी, तब ले जाना."

"तुह्या मायचं नाव काय?"

"धनमाया."

बायजाबाईंनी ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं आणि गाठ आवळली. जावं की न जावं, ते अजूनही त्यांना कळलेलं नव्हतं. भीती होतीच, सकाळपेक्षा जरा जास्तच. तेवढ्यात कमरेच्या बटव्यात फोन वाजला.

"मावशी, चार वाजले," पलीकडून जीवन म्हणाला. "नाव ठेवू का खोडू?"

बायजाबाईंनी बहादूरकडे पाहिलं. तो पुन्हा कोबीवर वाकला होता, पण सुरी चालत नव्हती.

"जीवन," त्या म्हणाल्या, "लुंबिनीपासून बुटवल किती दूर पडते रे?"