कोपऱ्याबाहेरचा नेम

"लक्ष तळपायांकडे न्यायला सांगा तिला. आधी टाचा, मग चवडे, मग बोटं. श्वासाच्या वाटेला जाऊ नका, तिला तो जड जातो."

समुपदेशक बाईंचा तो हळू आवाज अजून माझ्या कानात आहे. माझी लेक ऑटिस्टिक आहे, सव्वीस वर्षांची. डोळे मिटून श्वास बघायला आधी मीच तिला शिकवलं होतं, माझ्या जपाच्या चालीवर. झालं भलतंच. तिला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले आणि ती जास्तच घाबरली. बाईंनी वाट दाखवली. तेव्हापासून माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव असतं.

मग आम्ही नेम धरला. सकाळी सातला, माझ्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात, निळ्या सतरंजीवर. मी माळ ओढायची, तिनं शेजारी उभं राहून तळपाय जमिनीला कसे टेकलेत ते बघायचं. "नेम जागा सोडून करायचा नसतो," असं मी तिला बजावलं होतं. मला माझ्या आईनं तसंच शिकवलं. एकवीस वर्षांत मी त्या कोपऱ्याबाहेर माळ हातात घेतलेली नाही.

तीन महिन्यांत तिला नीट झोप लागायला लागली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामही मिळालं. छापील कागदांच्या घड्या दोऱ्यानं शिवायचं. टाका इतका एकसारखा की मुकादम म्हणाले, "ताई, ही पोरगी मशीनला लाजवते."

आणि मशीनच आडवं आलं. कागद कापायचं नवं यंत्र. त्याचं पातं धाडकन खाली यायचं. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला लेक दारात. चपला काढल्या, सतरंजीवर दहा मिनिटं उभी राहिली, चपला घातल्या, निघाली.

"अगं, झालं काय?"

"मशीन वाजलं. भीती वाढली. तळपाय केले. कमी झाली."

"त्यासाठी एवढं चालत आलीस?"

"जागा सोडून करायचा नसतो. तूच म्हणालीस."

त्या आठवड्यात ती तीनदा आली. शनिवारी दुपारी मुकादम घरी आले आणि चहाचा कप हातात फिरवत बसले. "कामाला नाव ठेवायला जागा नाही, ताई. पण ती उठली की पुढच्या सगळ्यांचं काम अडतं. सोमवारपासून मधेच गेली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. कानात घालायला बोळेसुद्धा दिले तिला."

"टोचतात," लेक आतून म्हणाली.

ते गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. "हे बघ, तळपाय तिथंच करायचे. तुझ्या टेबलाशी. चालतं."

"आधी चालत नव्हतं."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

"तू बाहेर कधी करतेस?"

माझी नजर कोपऱ्यातल्या माळेकडे गेली.

"तू करून दाखव," ती म्हणाली. "माझ्या टेबलाशी. मशीन चालू असताना. मग मला पटेल."

एकवीस वर्षं. पण तिला ते काम किती आवडतं, ते मी रोज तिच्या बोटांवर बघत होते. "सोमवारी येते," मी म्हणाले. "शब्द देते."

"किती वाजता?"

"अकराला."

"त्याच्या आधी वाजलं तर?"

"मग तुझ्याबरोबरच निघते."

तिनं ते कॅलेंडरवर लिहून टाकलं. मी मुकादमांना फोन केला. भल्या माणसानं कारणसुद्धा विचारलं नाही. "या की. स्टूल ठेवतो तुमच्यासाठी."

"स्टूल नको म्हणावं," लेक म्हणाली. "उभं राहायचं असतं."

सोमवारी सातला मी कोपऱ्यात दिवा लावला, पण बसले नाही. हात सवयीनं माळेकडे गेला. ती रुमालात बांधली आणि पिशवीत ठेवली. देवा, इतकी वर्षं तू न चुकता इथं आलास, मी मनात म्हणाले. आज तेवढं माझ्याबरोबर चल. मन जड होईल असं वाटलं होतं. झालं नाही. उलट, या पोरीनं मला दाराबाहेर बोलावलं, यानंच भरून आलं.

"आई, चपला. आधी डावी," ती दारातून म्हणाली.

मी आधी डावी घातली आणि तिच्यामागून जिना उतरायला लागले. टाचा, मग चवडे.