सरकारी सभागृहातला खोडकर माईक

मित्रांनो, टेबलावर बगळ्यासारखी मान काढून उभा राहणारा मी एक माईक. व्हिएन्नाच्या कारखान्यात घडलो तेव्हा वाटले होते, गवयांपुढे उभे राहायला मिळेल. नशिबी आले मंत्री.

ब्रुसेल्सच्या सभागृहात युरोपातल्या अनेक देशांचे मंत्री मिळून एकच कायदा करत. पुरेसे देश आणि पुरेशी लोकसंख्या बाजूने असली की ठराव मंजूर. अडवायचा तर निदान चार देश हवेत. माझा आवाज इतका स्वच्छ होता, की दुभाषे माझे कौतुक करत. पुढे वय झाले, बटण अडकू लागले. कुणी लक्ष दिले नाही.

त्या डिसेंबरात मासेमारी अर्ध्यावर आणण्याचा ठराव आला. अध्यक्ष होत्या चेकियाच्या बोझेनाबाई. त्यांच्या देशाला समुद्रच नाही, म्हणून सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास. माझ्यासमोर पोर्तुगालचे मंत्री अदेलिनो बसले होते. ठराव झाला असता, तर त्यांच्या गावच्या निम्म्या होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या असत्या. स्पेन आणि फ्रान्स त्यांच्या बाजूने होते, पण चौथा देश मिळेना. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, कपात मुळीच मान्य नाही म्हणून सांगितले आणि मला बंद करायला बटण दाबले. ते अडकले. मी चालूच राहिलो.

अदेलिनो शेजारच्या सचिव ग्रासाबाईंच्या कानाशी लागले. “अहो, माशांच्या विणीचे दोन महिने होड्या बंद ठेवायला आमचे लोक तयार होतील. पण ते मीच आधी बोललो, तर गावात तोंड कसं दाखवू? आणि तो स्वीडनवाला बघा, नुसता जेवणाची वाट बघतोय.”

दुभाष्यांचे काम इमानाचे. त्यांनी शब्दन् शब्द सगळ्या भाषांत पोचवला.

स्वीडनचे मंत्री शांतपणे म्हणाले, “जेवणाची वाट बघतोय हे खरंय. पण ते दोन महिन्यांचं काय म्हणालात?”

अदेलिनो कानापर्यंत लाल झाले. बोझेनाबाईंनी ती संधी सोडली नाही. “अर्धी कपात रद्द, विणीचे दोन महिने बंदी. कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती. बाहेर पत्रकारांना अदेलिनो म्हणाले, आपण शेवटपर्यंत झुंजलो.

दुसऱ्या दिवशी मला ‘नादुरुस्त’ म्हणून तळघरात टाकले. इथे फुटक्या इअरफोनांच्या संगतीत धूळ खातो आहे. ऐकतो, यंदा बोलणी पुन्हा अडली तेव्हा अदेलिनोसाहेबांनीच हळूच विचारले, तो जुना माईक कुठे आहे म्हणून.

मित्रांनो, वस्तू अडू लागली की तिला वेळेवर दुरुस्त करा, अडगळीत टाकू नका. आणि मनातले बोलायला कुणाचे बटण बिघडण्याची वाट पाहू नका.