आखूड पुंगळी

"पडली बघ, परत उलटीच!" ऑरिनच्या गॅरेजातून हसण्याचा आवाज आला आणि डेल्मर दारातच थबकला. हसत होता ऑरिन. तीस वर्षं डेल्मरशिवाय कुणाबरोबर काडतुसं न भरलेला ऑरिन! आणि झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून काडतुसं करायच्या त्या यंत्रावर ओणवा झाला होता टेट, बॉयसीहून परवा-परवा राहायला आलेला, नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांचा लाडका झालेला.

डेल्मरच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र अडलं की पहिला फोन त्याला यायचा.

"मला का नाही बोलावलंस?"

"म्हटलं, तुला कशाला उगाच त्रास." ऑरिनची नजर कॉफीच्या कपात.

"त्रास म्हणे! नवा दोस्त सापडला, असं सांग की सरळ."

"मोटर हळू केली, नळी पुसली," टेट म्हणाला, "तरी मधूनच एखादी पुंगळी उलटी उतरते. मला वाटतं, पुंगळ्या नळीत सोडणारी वरची फिरती थाळीच खराब आहे."

"थाळी मी बसवलीय! नाचता येईना, अंगण वाकडं. सरक बाजूला."

नळीतल्या पुंगळ्या त्यानं टेबलावर ओळीनं उभ्या केल्या आणि त्यांच्या तोंडांवरून बोट फिरवलं. एका जागी बोट किंचित खाली गेलं. डेल्मरला काय आनंद झाला!

"ही घ्या! नऊ मिलिमीटरच्या ढिगात थ्री-एटी पिस्तुलाची पुंगळी. दिसायला बहीणच, पण बुटकी. थाळीवर कलंडते नि डोक्यावर उतरते. बुडावरचा आकडा वाचायचा असतो रे! कुठल्या आंधळ्यानं निवडल्यात या?"

टेटनं ऑरिनकडे पाहिलं. ऑरिन स्वच्छ टेबल फडक्यानं पुसत राहिला.

डेल्मरनं खालची बादली पाहिली. ती त्याचीच होती. पुंगळ्या निवडायचं काम पहिल्यापासून त्याचंच.

"कधीपासून चुकतोय मी?"

"हिवाळ्यापासून," ऑरिन हळूच म्हणाला. "तू गेलास की मी पुन्हा निवडायचो. या खेपेला राहून गेलं, गड्या. तुला कळायच्या आत उरकावं म्हणून याला बोलावलं."

 डेल्मरच्या मनातला टेटचा हेवा काही गेला नाही, उलट वाढला. आता त्याला त्या माणसाच्या डोळ्यांचा हेवा वाटत होता.

त्यानं बादलीतून एक पुंगळी उचलली आणि टेटपुढे धरली.

"बुडावर काय कोरलंय? मोठ्यानं वाच."

"नऊ."

डेल्मरनं ती नऊच्या डब्यात टाकली आणि दुसरी पुढे केली.