तीन पॉइंट्सची शनिवार दुपार

शनिवारी सकाळी साडेदहाच्या कॅम्पस बसमध्ये शरयूला कळलं, की तिने अख्ख्या टीमला चुकीचं गणित शिकवलंय.

शरयू कऱ्हाडची. पेन्सिल्वेनियातल्या ऑल्डर्टन नावाच्या छोट्या गावात स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला आली त्याला दीड वर्ष झालं होतं. इथे येईपर्यंत बर्फावर हॉकी खेळतात हे तिला फक्त ऐकून माहीत होतं. पण गेल्या सप्टेंबरमध्ये डिपार्टमेंटच्या बोर्डावर चिठ्ठी लागली, ‘मुलींच्या हॉकी टीमला आकडे सांभाळणारं कुणीतरी हवंय’, आणि ती सहज म्हणून गेली. पहिल्याच दिवशी हेल्मेट काढत एक उंच मुलगी पुढ्यात आली आणि म्हणाली, “तुम्ही मराठी? आय ॲम नैना. माझं मराठी लाफेबल आहे, वॉर्निंग देते.”

नैना टीमची गोली, म्हणजे गोलकीपर, होती, शेवटच्या वर्षाची. अटलांटाजवळ अल्फारेटाला वाढलेली. जॉर्जियात बर्फ फारसा पडत नाही, तरी ही मुलगी सहा वर्षांची असल्यापासून गोलपोस्टमध्ये उभी राहत होती. पहिल्या आठवड्यातच ती शरयूला ‘ताई’ म्हणायला लागली, आणि मग शरयूचं त्या टीमवाचून चालेना.

सीझनचा शेवटचा दिवस शनिवारचा. कॉन्फरन्समध्ये आठ कॉलेजं, त्यातल्या पहिल्या चार टीम्सना प्लेऑफची, म्हणजे बाद सामन्यांची, पहिली फेरी आपल्या रिंकवर, आपल्याच बर्फाच्या मैदानावर, खेळायला मिळते. बाकीच्यांनी बसमध्ये बसून त्यांच्या गावी जायचं. चौथ्या नंबरवरच्या व्हिटफील्डचे सामने संपले होते, त्यांचे त्रेचाळीस पॉइंट्स. ऑल्डर्टनचे एकेचाळीस, एक सामना बाकी. साध्या वेळात जिंकलं तर तीन पॉइंट्स, बरोबरी होऊन ओव्हरटाइममध्ये जिंकलं तर दोन. शरयूने प्रोग्रॅम लिहून गुरुवारी लॉकररूममध्ये कागद लावला होता: “कसंही जिंका, चौथा नंबर आपला.” दोन मिळाले तरी व्हिटफील्डशी बरोबरी होत होती, आणि आपसातल्या चारपैकी तीन मॅचेस ऑल्डर्टनने जिंकलेल्या. म्हणजे झालंच.

आता बसमध्ये बसून ती कॉन्फरन्सचं नियमपुस्तक मोबाइलवर उगाचच चाळत होती. टेन्शन आलं की ती काहीतरी वाचत बसे. पान एकतीस. तीन टीम्स बरोबरीत आल्या तर तिघींच्या आपसातल्या सगळ्या मॅचेसचे पॉइंट्स एकत्र धरायचे.

तिघी? तिने प्रोग्रॅममध्ये बरोबरी म्हणजे दोघींचीच धरली होती. तिसरी आली तर तिला तो गुपचूप खाली ढकलून मोकळा होत होता. आणि तिसरी होती. किनरॉस, चाळीस पॉइंट्स, आज एक मॅच. ते साध्या वेळात जिंकले तर त्यांचेही त्रेचाळीस. किनरॉसने ऑल्डर्टनला चारही वेळा हरवलं होतं. तिघींचा हिशोब केला तर चौथा नंबर सरळ किनरॉसचा.

“अरे देवा,” शरयू मोठ्याने म्हणाली. शेजारच्या मुलाने कानातला इअरफोन काढून पाहिलं.

रिंकवर पोचल्यावर ती थेट कोच ब्रँटच्या खोलीत गेली. कोच पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. शरयूने मध्ये न थांबता सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, असं दोनदा म्हणाली.

कोच हसल्याच. “किनरॉस, नॉर्थगेटच्या रिंकवर जिंकणार? सहा वर्षांत जिंकलेले नाहीत.”

“पण जिंकले तर आपल्याला ओव्हरटाइम चालणार नाही. तीनच पॉइंट्स लागतील.”

कोचने पेन खाली ठेवलं. “त्यांची मॅच आपल्या आधी पाव तास सुरू होते ना? मग तू फोनवर लक्ष ठेव. निकाल लागला की माझ्याकडे ये. मुलींना आत्ता काही सांगू नकोस, डोक्यात एकच गोष्ट असू दे.”

शरयू वर प्रेक्षकांत जाऊन बसली. शेजारी नैनाचे बाबा, संजीवकाका, सकाळच्या विमानाने आलेले. जाड जॅकेट, त्यावर उसनं घेतलेलं दुसरं जॅकेट.

“आज तिची इथली शेवटची मॅच असू शकते, म्हणून आलो,” ते म्हणाले. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती काळी चकती, तो पक, तर दिसतच नाही मला. मी फक्त तिच्याकडे बघतो.”

मॅच चुरशीची झाली. तीनपैकी दुसरा पीरियड संपला तेव्हा दोन-दोन. शरयूचा एक डोळा बर्फावर, एक फोनवर. किनरॉस एकने पुढे होतं. मग नॉर्थगेटने बरोबरी केली आणि तिने श्वास सोडला. मग पुन्हा किनरॉस. ऑल्डर्टनची सहा मिनिटं उरलेली असताना फोनवर आलं: अंतिम, किनरॉस तीन, नॉर्थगेट दोन.

“काका, माझी बॅग बघा,” म्हणून ती पायऱ्या उतरत पळाली. बेंचच्या मागच्या काचेवर तिने हाताने थाप मारली. कोचने वळून पाहिलं. त्या गोंगाटात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. शरयूने तीन बोटं वर केली. कोचने एकदा मान हलवली आणि पुन्हा बर्फाकडे वळल्या.

ती परत वर आली तेव्हा दोन मिनिटं राहिली होती, अजून दोन-दोन. आणि कोचने नैनाला हाक मारली. नैना एक क्षण जागची हलली नाही, मग पोस्ट सोडून जोरात बेंचकडे आली. तिच्या जागी एक जादा फॉरवर्ड बर्फावर उतरली. ऑल्डर्टनचा गोल सताड उघडा पडला.

आजूबाजूचे लोक ओरडायला लागले. बरोबरीत असताना गोली कोण काढतं?

“तिला का काढलं?” संजीवकाका उभे राहिले. “काय चुकलं तिचं?”

“तिचं काही नाही चुकलं, काका. आपल्याला आत्ताच गोल हवाय. ओव्हरटाइम झाला तर जिंकूनही आपण पाचवे.”

“आणि त्यांनी केला तर?”

समोरच्या टीमच्या एका मुलीने मधल्या रेषेवरून पक रिकाम्या गोलकडे मारला. तो घसरत घसरत गेला. शरयूने काकांचा दंड घट्ट धरला. पोस्टच्या वीतभर बाहेरून गेला.

मग बरंच काही झालं ते शरयूला नीट आठवत नाही. गोलसमोर घोळका झाला, कुणीतरी पडलं, काठ्या वाजल्या आणि गोल झाल्याचा लाल दिवा लागला. तीन-दोन. सतरा सेकंद बाकी.

नैना उडी मारून बर्फावर आली. सतरा सेकंदांत समोरच्यांनी एकच शॉट मारला, अगदी जवळून, आणि तो तिने डाव्या पायाच्या पॅडवर घेतला. संजीवकाकांना यावेळी पक दिसला.

लॉकररूमबाहेर कोच शरयूच्या शेजारून गेल्या, दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या. “सोमवारी तो प्रोग्रॅम नीट कर,” म्हणाल्या. “आणि शुक्रवारी ये. पहिली फेरी आपल्याच रिंकवर आहे.”

गावात त्या वेळी धड जेवायला काही मिळत नव्हतं, म्हणून शरयूने दोघांना अपार्टमेंटवर नेलं. पिठलं-भात केला. नैनाने तीनदा भात घेतला. केस ओलेच होते.

“ताई, यू नो व्हॉट?” ती म्हणाली. “बेंचवरून मी फर्स्ट टाइम पूर्ण बर्फ बघितला. मोठा आहे खूप. मला वाटलं, सगळे एकटे आहेत तिथे. फक्त मीच नाही.”

“घाबरलीस?” काकांनी विचारलं.

“खूप. तुम्ही?”

“मी रिटर्न तिकीट कॅन्सल केलं,” काका म्हणाले आणि पिठल्याच्या भांड्याकडे हात केला.