मांडीत, अर्धा मिलिग्राम

दुपारचे अडीच.

टेबलावर रबरी पुतळा. नाव सतीश, वय चाळीस. औषधाची रिॲक्शन, अंगभर गांधी, श्वास अडकतोय. (असं कागदावर.)

भोवती: डॉक्टरकीचे दोघं, एक टेक्निशियन, नर्सिंगची नीलम. एकाच इमारतीत शिकतात. जिने वेगळे, कॅन्टीनची टेबलंही वेगळी. चार महिन्यांपूर्वी डॉ. स्वरदांनी त्यांना एका खोलीत आणलं.

नियम एकच. सांगितलेलं पाढ्यासारखं मोठ्यानं परत म्हणायचं, मगच करायचं.

दारात विभागप्रमुख डॉ. रिझवी. आज त्यांनी सही केली नाही, तर हा वर्ग बंद.

"यहाँ पहाड़े रटवाए जाते हैं, स्वरदाजी?"

"सर, आज लीडर आप बनिए."

"बनते हैं. तीस बरस से अकेले ही बचा रहे हैं लोगों को."

नीलम कुजबुजली, "मॅडम, सरांसमोर पण परत म्हणायचं?"

"म्हणायचं. आवाज मोठा ठेव."

मिनिट एक.

"ऑक्सिजन!"

"ऑक्सिजन, सर. लगाया."

"पैर ऊपर!"

"पैर ऊपर."

मिनिट दोन. मॉनिटरवर प्रेशर पडतंय. पडतंय.

"एड्रेनालिन! एक मिलीग्राम, नस में!"

"एड्रेनालिन," नीलम म्हणाली, "एक मिलीग्राम, नस में—"

थांबली.

स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. हा डोस हृदय बंद पडल्यावरचा. सतीशचं हृदय तर चालू होतं; त्याला तो घातक.

नर्सनं प्रमुखांना अडवायचं? या इमारतीत?

"रुकिए सर. नब्ज़ चल रही है. जाँघ में दीजिए. आधा मिलीग्राम."

एक सेकंद.

दोन.

तीन.



"जाँघ में," रिझवी म्हणाले. मोठ्यानं. "आधा मिलीग्राम."

"दिया, सर!"

मिनिट चार. प्रेशर वर. अजून वर. टेक्निशियननं शिट्टी मारली आणि लगेच जीभ चावली.

रिझवी बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तीस बरस में किसी ने नहीं टोका मुझे," ते हळूच म्हणाले. "ग़लतियाँ तो की ही होंगी."

मग: "काग़ज़ लाइए."

सही. ठळक, खाली रेघ ओढून.

स्वरदा काही बोलणार, तोवर त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. हातमोजे चढवले. नीलमच्या जागी जाऊन उभे राहिले.

"दोबारा करेंगे. लीडर ये बिटिया."

नीलमनं घसा खाकरला. घड्याळ पुन्हा शून्यावर.

"सर, ऑक्सिजन!"

"ऑक्सिजन," विभागप्रमुख म्हणाले, आणि नळीकडे धावले.